पिग्मीला ४ टक्के, कर्जाला १४ टक्के, दोन्ही एकाच काउंटरवर: माणूस असं का करतो?

हिशेबनीस_बेळगाव

क्रेडिट सोसायट्यांच्या खातेवह्या बघणाऱ्या कुणालाही हे चित्र नवं नाही, पण त्याचं समाधानकारक उत्तर कुठं वाचायला मिळत नाही. म्हणून इथं टाकतोय.

गणपत गल्लीतला किंवा खडेबाजारातला कुठलाही मध्यम दुकानदार घ्या. सोसायटीत रोज ३०० रुपयांची पिग्मी, म्हणजे एजंट दारात येऊन गोळा करतो ती रोजची ठेव. रविवार, सणवार सोडले तर वर्षात साधारण ३०० दिवस भरणा होतो, म्हणजे ९०,००० रुपये. व्याज धरा ४ टक्के. रक्कम रोज थोडी थोडी चढत जाते, त्यामुळे वर्षभराची सरासरी शिल्लक ४५,००० आणि व्याज १,८०० च्या आसपास. आता त्याच सोसायटीत त्याच माणसाच्या नावावर १ लाखाची ओडी (ओव्हरड्राफ्ट, मर्यादेपर्यंत हवं तेव्हा काढायचं-भरायचं कर्ज), १४ टक्क्यांनी. वर्षाला १४,००० व्याज. तेवढं तो इमानेइतबारे भरतो, मुद्दल जिथल्या तिथं.

हेच ३०० रुपये त्यानं रोज ओडीत भरले तर सरासरी कर्ज ५५,००० वर येतं आणि व्याज ७,७०० होतं. सध्या त्याला १४,००० वजा १,८०० म्हणजे १२,२०० पडतात. फरक सरळ ४,५०० रुपयांचा. भरण्याच्या दिवसांवर वाटून बघा, रोज ३०० बाजूला टाकताना १५ रुपये फुकट जातात.

हाच गृहस्थ एपीएमसीत बटाट्याच्या पोत्यामागे दहा रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो. व्याजाचा हिशेब येत नाही म्हणावं तर उधारीच्या मालावर महिना शेकडा दीडनं किती झाले हे कॅल्क्युलेटर न काढता सांगतो. मग इथंच काय होतं? सवय? एजंटची भीड? की आपल्या हिशेबातच काहीतरी सुटतंय?

"लोक अडाणी आहेत" छापाचं उत्तर नको, ते खरं नाही हे माहीत आहे.

---

दोन_आणे

गणित बरोबर आहे. फक्त त्यातलं एक गृहीतक बाजारात टिकत नाही. ओडीत भरलेले ३०० रुपये ओडीतच राहतील असं तुम्ही धरलंय. आज भरलेले पैसे उद्या सकाळी चेक फाडून परत काढता येतात, तेही कुणाला न विचारता. कंपनीचा सेल्समन आला, "आज दोन पेट्या जास्त घ्या, स्कीम संपतेय" म्हणाला, की मोकळी झालेली मर्यादा परत भरली. म्हणून तर बहुतेक ओड्या वर्षानुवर्षं मर्यादेला टेकलेल्या दिसतात. तुमच्या दुसऱ्या पद्धतीत वर्षअखेर कर्ज १० हजारांवर येतं. प्रत्यक्षात ते ९० हजारांच्या पुढंच घुटमळत राहतं आणि हातात पिग्मीही नसते. तुलना करायची तर या चित्राशी करा.

ओडीऐवजी मुदत कर्ज असेल तर उलटी अडचण. जादा भरलेलं मुद्दल परत मागता येत नाही. मुलीच्या कॉलेजची फी आली की नवा अर्ज, दोन जामीनदार, प्रोसेसिंग फी आणि संचालकांच्या मीटिंगची वाट बघणं. एक खातं फार सैल, दुसरं फार घट्ट.

पिग्मी यांच्या मधे बसते. नियम सोसायटीगणिक बदलतात, पण ठोकळ नमुना असा: सहा महिन्यांच्या आत मोडली तर व्याज नाही आणि वर जमा रकमेतून २ ते ५ टक्के कपात. सहा महिने ते वर्ष या दरम्यान मोडली तर कमी दरानं व्याज. वर्ष भरलं की पूर्ण. ही झाली कडी. आणि त्याच वेळी पिग्मी न मोडता जमेच्या ८०-९० टक्क्यांपर्यंत तारण कर्ज त्याच दिवशी मिळतं, जामीनदार लागत नाही. आठ हजारांचा मोबाईल आवडला म्हणून सोसायटीत जाऊन तारण कर्जाचा फॉर्म कुणी भरत नाही. दवाखान्याचं ४० हजारांचं बिल आलं तर तासाभरात भरतो. लहान मोहाला बंद आणि मोठ्या नडीला उघडं असं खातं, आणि त्याची किंमत रोजचे १५ रुपये. दुकानदाराला ती परवडते.

आता भाऊबंदकीचा भाग. गल्ल्यात रोख दिसली की मागणारे येतात. मेहुणा, शेजारचा गाळेवाला, "चार दिवसांपुरते". नाही म्हटलं तर नातं तुटतं, दिले तर पैसे तुटतात. "पिग्मीत अडकलेत हो" हे वाक्य खोटं न बोलता बोलता येतं, आणि "डोक्यावर ओडी आहे" हे त्याहून चांगलं चालतं. म्हणजे कर्ज असणं हीसुद्धा एक ढाल झाली. हे केवळ तर्कट नाही. कॅमेरूनमधल्या पतसंस्थांवरचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथले सभासदही स्वतःची पुरेशी ठेव शिल्लक असताना कर्ज काढत होते, आणि विचारल्यावर कारण सांगत होते की कर्ज असलं की आपण गरीब दिसतो, नातेवाईक मागायला येत नाहीत. तुमच्या प्रश्नाचं हे शब्दशः उत्तर आहे, फक्त खंड वेगळा.

कडीला लोक मुद्दाम पैसे मोजतात याचेही पुरावे आहेत. फिलिपिन्समधल्या मिंडानाओ बेटावर एका बँकेनं ग्राहकांना असं खातं देऊ केलं की ठरलेली तारीख किंवा ठरलेली रक्कम येईपर्यंत पैसे काढताच येणार नाहीत. व्याज साध्या बचत खात्याइतकंच, एक छदामही जास्त नाही. तरी २८ टक्के लोकांनी ते घेतलं. २००६ मध्ये छापलेला हा प्रयोग आहे आणि ज्यांना असं खातं देऊ केलं त्या गटाची बचत वर्षभरात बाकीच्यांपेक्षा बरीच वाढली.

आपल्या जवळचं उदाहरण याहून टोकाचं आहे. विजयवाड्याच्या झोपडपट्टीत घरोघर जाऊन बचत गोळा करण्याची एक पद्धत अभ्यासकांनी नोंदवलीय. कार्डावर २२० चौकोन. रोज ५ रुपये, एक चौकोन भरला. २२० भरले की १,१०० जमा, आणि बाईला परत मिळतात १,०००. बाकीचे १०० गोळा करणाऱ्याची मजुरी. सरासरी शिल्लक ५५० रुपये, मुदत सात महिन्यांच्या आसपास, म्हणजे हिशेबानं वर्षाला उणे ३० टक्के व्याज. तरी कार्ड संपलं की लगेच दुसरं कार्ड. तेव्हा आपला ४ टक्के मिळवणारा दुकानदार फारच फायद्यात आहे म्हणायचा.

पिग्मी निघाली तीही याच समजेतून. उडुपीची सिंडिकेट बँक १९२५ ची, अडचणीत आलेल्या विणकरांना भांडवल मिळावं म्हणून काढलेली. १९२८ मध्ये त्यांनी पिग्मी सुरू केली, रोज किमान दोन आणे, माणूस दारात येणार. बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, योजना मात्र आपल्याकडच्या प्रत्येक सोसायटीच्या पाटीवर आहे.

---

खानापूर_रोड

वरचं सगळं मान्य, पण सोसायटीच्या बाजूनं हिशेब मांडला की निम्मं कोडं आपोआप सुटतं.

पिग्मी एजंटला कमिशन साधारण ३ टक्के, आणि ते सरासरी शिल्लकेवर नाही, गोळा केलेल्या पूर्ण रकमेवर. ९०,००० वर २,७०० रुपये. वर ठेवीदाराचं व्याज १,८००. बेरीज ४,५००. आता हे ४५,००० च्या सरासरी शिल्लकेवर मांडा: १० टक्के. म्हणजे सोसायटीला पिग्मीचा पैसा ४ टक्क्यांनी पडतच नाही, १० नं पडतो. तो १४ नं कर्जाऊ दिला तर मधले ४ टक्के, त्यातच भाडं, पगार, बुडीत. लोकांना वाटतं सोसायटी मधल्या मधे १० टक्के खाते. तसं नव्हे की. मोठा वाटा एजंटच्या पेट्रोलमध्ये आणि पायपिटीत जातो.

(दुकानदाराचे गेलेले ४,५०० आणि हे ४,५०० सारखे आले हा आकड्यांचा योगायोग. कमिशन अडीच टक्के धरलं तर जुळणार नाही.)

कपात सहा महिन्यांच्या आत का करतात तेही यातूनच कळतं. कमिशन ज्या त्या महिन्याला देऊन झालेलं असतं. तिसऱ्या महिन्यात खातं मोडलं तर सोसायटीला तो पैसा वापरायला मिळालाच नाही, कमिशन मात्र गेलं.

आता एजंट रोज का यावा लागतो. महिन्याला एकदा ७,५०० रुपये बँकेत भर म्हटलं तर तीच रक्कम हाताला जड जाते. चार-पाच हजारांच्या गल्ल्यातून संध्याकाळी ३०० काढले तर जाणवत नाहीत. म्हणून जाणता एजंट वेळ ठरवून येतो. भाजीवाल्याकडं दुपारी दोनच्या आत, कारण नंतर गल्ला व्यापाऱ्याला द्यायला जातो. किराणावाल्याकडं रात्री आठनंतर. हॉटेलवाल्याकडं सकाळचा नाश्ता उरकला की. चुकीच्या वेळी आलेल्या एजंटला "उद्या बघू" ऐकावं लागतं आणि दोन "उद्या बघू" लागोपाठ झाले की ते खातं बंद पडायच्या वाटेवर असतं. एजंट जात-गल्ली बघून नेमतात तेही भीड कामाला यावी म्हणूनच.

बिघडतं कुठं, ते लिहितो, कारण बुडालेले पैसे बहुतेक वेळा याच फटीतून बुडतात.

एजंटनं पैसे घेतले, कार्डावर सही केली, पण हातातल्या मशीनवर एन्ट्री नाही. सोसायटीच्या लेखी ते पैसे आलेच नाहीत. असे पाच-दहा जणांचे पैसे आठवडाभर फिरवायचे, एकाचे दुसऱ्याच्या नावावर टाकायचे, असं चालू राहतं आणि एक दिवस साखळी तुटते. उपाय सोपा आहे: मशीनची चिठ्ठी किंवा मोबाईलवर मेसेज पैसे देतानाच बघायचा, आणि महिन्यातून एकदा स्वतः सोसायटीत जाऊन शिल्लक विचारायची. कार्डाशी नव्हे, सोसायटीच्या लेजरशी ताळा घालायचा. पासबुक एजंटकडं मुक्कामाला ठेवायचं नाही. कोऱ्या विड्रॉल स्लिपवर सही तर कधीच नाही, मग तो कितीही घरचा असो. "तीन दिवस आलो नाही, एकदम ९०० घेतो पण तारखा मागच्या टाकतो" म्हणाला तर मशीन मागची तारीख कशी घेईल एवढंच विचारा.

एजंटच्या बाजूनंही एक गोष्ट. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टानं बँकांच्या ठेव गोळा करणाऱ्यांना औद्योगिक कायद्याखाली कामगार मानलं, कमिशनला वेतन मानलं. छोट्या सोसायट्यांत मात्र एजंट कमिशनवरच जगतो, आणि कलेक्शन घटलं की त्याच्यावर पैसे फिरवायची पाळी येते. दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. ५ लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांना आहे, त्यात अर्बन आणि डीसीसी (जिल्हा मध्यवर्ती) सहकारी बँकाही आल्या. क्रेडिट सोसायट्या आणि कर्नाटकाच्या १९९७ च्या सौहार्द सहकारी कायद्याखालच्या संस्था यांना तो नाही. पाटीवर "सहकारी" आहे म्हणून विमा आहे असं समजू नका. रिझर्व्ह बँकेचा बँक म्हणून परवाना आहे का ते बघा.

---

हिशेबनीस_बेळगाव

कमिशन पूर्ण जमेवर असतं हे माहीत होतं, पण सरासरी शिल्लकेवर १० टक्के पडतं असं कधी मांडून बघितलं नव्हतं. आणि ओडी मर्यादेला टेकलेली असते हा मुद्दा तर रोज डोळ्यांसमोर असतो.

पण मग भिशीचं काय? तिथं ना एजंट, ना पासबुक, ना विमा. वीस जणांच्या तोंडी शब्दावर लाख रुपये. पिग्मीला "सोसायटी बुडाली तर?" विचारणारा माणूस भिशीत डोळे मिटून बसतो. हे कसं?

---

निपाणीकर

भिशी दोन प्रकारची असते आणि दोन्हींचं कोडं वेगळं आहे. चिठ्ठी टाकून नंबर काढायची भिशी ही नुसती बचत. ज्याला आधी लागली त्याला बिनव्याजी कर्ज, शेवटच्याला बिनव्याजी ठेव, आणि कुणाला काय लागेल ते नशीब. बायकांच्या बहुतेक भिश्या अशा. त्यात व्याज शोधू नका. तिथं दरमहा जमणं, ठरलेली रक्कम घराच्या खर्चातून आधी बाजूला निघणं आणि नवऱ्याच्या नजरेआड साठणं, हे महत्त्वाचं. नैरोबीच्या किबेरा वस्तीतल्या अशा गटांवर २००२ मध्ये अभ्यास छापून आला, त्यातही हेच निघालं: सभासद बहुतेक बायका, आणि पैसा घरात राहिला की नवरा खर्च करतो म्हणून गटात.

लिलावाची भिशी हा मात्र पक्का धंदा. आकडे मांडतो. २० जण, महिन्याला ५,०००, भांडं (महिन्याची एकूण जमा) १ लाखाचं. पहिली भिशी चालकाची, पूर्ण १ लाख, हीच त्याची मजुरी. दुसऱ्या महिन्यापासून बोली, सगळ्यात कमी रक्कम घ्यायला तयार असेल तो उचलतो. समजा दुसऱ्या महिन्यात एकानं ७८,००० वर उचलली. सोडलेले २२,००० वीस जणांत वाटले, प्रत्येकी १,१०० सुटले, म्हणून त्या महिन्याचा हप्ता ३,९०० च. पुढं घाई असलेले कमी होत जातात, सोडही उतरत जाते, आणि शेवटच्या महिन्यात शून्य. ही उतरण सरळ धरली तर वीस महिन्यांत प्रत्येकाचा एकूण भरणा १ लाख नाही, ८९,५५० होतो.

ज्यानं दुसऱ्या महिन्यात उचलली त्याला दोन हप्ते वजा जाता हातात ६९,१०० पडले आणि पुढच्या १८ महिन्यांत तो ८०,६५० भरणार. म्हणजे महिन्याला दीड टक्क्याच्या थोडं वर. खासगी सावकार महिना शेकडा तीननं देतो, मग हा मूर्ख आहे का? शेवटी उचलणाऱ्यानं ८९,५५० भरून १ लाख घेतले. त्याला महिन्याला एक टक्क्याच्या वर सुटले, बँकेच्या ठेवीपेक्षा जास्त. तोही मूर्ख नाही. दोघांनी मिळून मधला माणूसच काढून टाकला.

जोखीम डोळे मिटून घेतात असंही नाही. जुनी भिशी कशी चालते बघा. नव्या सभासदाला पहिल्या फेरीत शेवटच्या पाचात ठेवतात. आधी उचलणाऱ्याकडून जामीन म्हणून दुसऱ्या सभासदाची सही किंवा कोरा चेक घेतात. गाळा त्याच बाजारात असलेलाच सभासद घेतात, कारण गाळा सोडून पळता येत नाही. सोसायटीच्या ताळेबंदावर विश्वास ठेवायचा तर तो वाचता आला पाहिजे. समोरच्या गाळ्याचं शटर रोज किती वाजता उघडतं हे मात्र दिसतं. माणूस जी जोखीम बघू शकतो ती त्याला लहान वाटते. इथंच तो फसतोही, कारण बाजारच मंदावला, तर वीसच्या वीस गाळे एकदम अडचणीत येतात. ओळखीच्या लोकांत जोखीम वाटली जात नाही, एकाच टोपलीत गोळा होते.

मोडते तेव्हा बहुधा सहाव्या ते दहाव्या महिन्यात मोडते. उचललेले आणि न उचललेले तेव्हा सारखे होत येतात, आणि उचललेल्या दोघांनी हप्ता चुकवला की बाकीच्यांना पुढं भरण्यात अर्थ वाटत नाही. चालकाच्या एकाच वेळी तीन भिश्या चालू असतील आणि एकीचा पैसा दुसरीत जात असेल तर तिथून लगेच बाहेर पडावं.

आणि कायदा. १९८२ च्या चिट फंड कायद्यानं लिलावाची चिट, म्हणजे हीच भिशी, नोंदणीशिवाय चालवता येत नाही. नोंदवलेल्या चिटमध्ये चालकाचं कमिशन जास्तीत जास्त ७ टक्के, २०१९ च्या दुरुस्तीआधी ते ५ होतं. कर्नाटकात एमएसआयएल या सरकारी कंपनीचीही चिट आहे. तिथं कागदपत्रं मागतात आणि उचलताना जामीनदार पक्के लागतात, म्हणून लोक तोंडीवर जातात. तोंडी भिशी बुडाली की पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न "पावती कुठाय?" हाच असतो.

---

शहापूरचा_माग

वरती सगळ्यांनी माणसाची बाजू छान मांडली, पण जरा थांबा. १४ टक्क्यांच्या ओडीसमोर ४ टक्क्यांची पिग्मी ठेवणं वेगळं आणि शेकडा तीनच्या हातउसन्यासमोर ठेवणं वेगळं. मागवाल्यांत (विणकरांत), भाजीवाल्यांत, बिडीकामगारांत दुसरंच जास्त दिसतं. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. त्याच ४५,००० च्या सरासरी शिल्लकेवर फरक आता ३२ टक्क्यांचा, म्हणजे वर्षाला १४,४००. रोजच्या ३०० मागे ४८ रुपये. याला कडीची किंमत म्हणून समर्थन देता येणार नाही.

तरी का होतं? कारण दोन्ही पैशांना मनात वेगवेगळी नावं आहेत. पिग्मी "पोराच्या शिक्षणाची", उसनवारी "सुताच्या बिलाची". एका नावाचा पैसा दुसऱ्या नावाला लावणं म्हणजे मोडतोड वाटते. रिचर्ड थेलर या अर्थतज्ज्ञाला २०१७ चं नोबेल मिळालं त्यात या मनातल्या खात्यांवरचं काम महत्त्वाचं होतं. नाव दिल्यानं पैसा टिकतो हे खरं. पण ३६ टक्क्यांसमोर नाव टिकवणं महाग पडतं.

याहून वाईट प्रकार: बायकांच्या गटाच्या मायक्रोफायनान्स कर्जातून भिशीचा हप्ता, आणि भिशी उचलली की त्यातून दुसऱ्या गटाचे हप्ते. रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे की घरातल्या सगळ्या कर्जांचे मासिक हप्ते मिळून उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत. भिशीचा हप्ता मात्र कुठल्याच क्रेडिट रिपोर्टात दिसत नाही, त्यामुळे कागदावर घर नियमात बसतं आणि चुलीपाशी बसत नाही.

शेकडा दोन-तीनचं देणं असेल तर करायचं ते असं. पिग्मी मोडायची नाही, त्यावर तारण कर्ज काढायचं. दर विचारा, साधारण पिग्मीच्या व्याजापेक्षा दोन-चार टक्के वर असतो किंवा नेहमीच्या कर्जाइतका. म्हणजे फार तर १४. त्यातून उसनवारी एकरकमी फेडायची आणि दिलेला चेक किंवा कोरा स्टॅम्प हातोहात परत घ्यायचा, "नंतर देतो" चालणार नाही. पिग्मीचे रोजचे ३०० तसेच चालू ठेवायचे. एजंटची वेळ, सवय, नाव, सगळं जागेवर राहतं. वर्ष भरलं की पिग्मीच्या रकमेतून तारण कर्ज वळतं करायचं. ३६ ऐवजी १४ पडले आणि कडीही शाबूत राहिली. गोची एकच: उसनवारी फिटली की आठ दिवसांत परत उचलायची इच्छा होते, कारण सावकार स्वतःच विचारायला येतो.

उलटंही सांगतो, कारण दिसायला वेडेपणा आणि आत शहाणपण असा एक प्रकार दरवर्षी होतो. सोसायटीचं शून्य टक्के पीककर्ज. कर्नाटकात २०२३-२४ पासून त्याची मर्यादा ५ लाख आहे. मुदतीत फेडलं तरच शून्य टक्के. म्हणून शेतकरी मुदत संपायच्या आत चार दिवसांसाठी शेकडा एकनं पैसे उचलतो, कर्ज भरतो, नवं मंजूर झालं की परत देतो. चार दिवसांना एक टक्का म्हणजे वर्षाच्या हिशेबानं नव्वदच्या वर! ऐकणाऱ्याला चक्कर येते. पण १ लाखामागे त्याचे गेले १,००० रुपये आणि वाचलं वर्षभराचं सगळं व्याज. इथं टक्केवारी बघायची नाही, रुपये बघायचे. फक्त नवं मंजूर व्हायला चारचे वीस दिवस झाले की तेच १,००० चे ५,००० होतात, म्हणून सेक्रेटरीला मंजुरीची तारीख आधी विचारल्याशिवाय पैसे उचलू नयेत.

---

हिशेबनीस_बेळगाव

शेवटचा प्रश्न, मग पुरे करतो. घरात दहा तोळे पडून, तरी ते विकून देणं फेडत नाहीत, गहाण ठेवून व्याज भरत बसतात. यातही काही हिशेब आहे की फक्त जीव अडकलेला असतो?

---

दोन_आणे

दोन्ही आहे. दागिना विकताना सोनार घट धरतो, ३ ते ५ टक्के. पुन्हा तसाच करायचा तर घडणावळ १० टक्क्यांच्या आसपास आणि वर ३ टक्के जीएसटी. विकून परत घेण्याचा फेरा १६ ते १८ टक्क्यांना पडतो. गहाण १० टक्क्यांनी असेल आणि दीड-पावणेदोन वर्षांच्या आत सोडवणार असाल, तर गहाण स्वस्त. त्याहून लांबलं की विकणं स्वस्त, भाव चढला तर गोष्ट वेगळी. आणि ज्याला परत दागिना करायचाच नाही, त्याला घडणावळ मोजायची नाही, तो हिशेबानं पहिल्याच दिवशी विकायला मोकळा. पण दागिने बहुधा बायकोचे, तिच्या माहेरचे. विकायचा निर्णय ज्याचं देणं आहे त्याच्या हातात नसतो, आणि तो नसावाही.

चूक होते ती नूतनीकरणात. वर्ष भरलं की फक्त व्याज भरून पावती नवी करायची, असं तीन वर्षं. गहाण ठेवतानाच सोडवायची तारीख पावतीच्या मागं लिहा, आणि पिग्मीची मुदत त्याच महिन्यात संपेल अशी पिग्मी उघडा.

---

खानापूर_रोड

त्यात एक जोडतो. पिग्मी उघडताना वारसाचं नाव फॉर्मवर असतं का बघा. एजंट घाईत तो रकाना मोकळा सोडतो, आणि मग ९० हजारांसाठी घरच्यांना वारसा दाखला काढत फिरावं लागतं. जुन्या खात्याला आजही लावता येतं, सोसायटीत एक पानी अर्ज आहे.